कागदाला कडा असते

आमच्या घराचं दार उघडताना किल्ली कुलपात दोनदा फिरायची. पहिल्या फेऱ्याला मी वही मिटायचे आणि दुसऱ्या फेऱ्याला धाकट्या भावाला घेऊन शिलाई मशीनच्या मागे जाऊन बसायचे. बाबा आज कसे आलेत ते चपला काढण्याच्या आवाजावरून कळायचं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. पुढे पस्तिशी उलटली, स्वतःचं घर झालं, तरी संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं की माझे खांदे कानापर्यंत चढायचे. तो विचारायचा, "काय झालं?" आणि सांगण्यासारखं काही झालेलंच नसायचं.

ते खांदे खाली कसे आले, त्यासाठी काय केलं, ते इथे सांगते आहे. मी चित्रकार नाही आणि डॉक्टरही नाही. मी हिशेबाचं काम करते. सात वर्षं एका समुपदेशक बाईंकडे जाते आहे आणि त्याच सात वर्षांत कागद, माती आणि शब्द यांच्याशी झटते आहे. काय उपयोगी पडलं आणि काय अंगावर आलं, दोन्ही लिहिते.

अंगावर आलेलं आधी सांगते. कलेतून मन मोकळं होतं असं कुठेतरी वाचलं आणि एका रात्री सगळे झोपल्यावर मी थेट 'ती रात्र' काढायला बसले. आईच्या हातातली बांगडी फुटलेली रात्र. अडीच तास काढत होते. उठले तेव्हा हात बर्फासारखे गार पडले होते. पुढचे तीन दिवस कामावर जाता आलं नाही, भांडं पडलं तरी दचकत होते. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही आठवण कागदावर उतरवली नाहीत, तिच्यात जाऊन बसलात."

त्या एका वाक्यावर माझी सगळी पद्धत उभी आहे. अशा आठवणीला कडा नसते. ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते शरीराला कळत नाही, म्हणून पंचवीस वर्षांनी किल्लीचा आवाज आला तरी ते आठ वर्षांचं होऊन बसतं. कागदाला मात्र चार कडा असतात. मातीचा गोळा ओंजळीत मावतो. गाणं संपतं. आपल्याला त्या कडांचा उपयोग करून घ्यायचा आहे. चित्र चांगलं येणं, सगळं आठवणं, ढसाढसा रडणं, यांतलं काहीही ध्येय म्हणून ठेवू नका.

सुरू करण्याआधी

स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, मधले तासच्या तास कुठे गेले ते आठवत नसेल, झोप लागावी म्हणून रोज दारू किंवा गोळ्या घ्याव्या लागत असतील, तर एकट्याने रंग हातात घेऊ नका. आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ज्या माणसाने दुखावलं तो आजही त्याच घरात असेल, तर तुमची सुरक्षितता पहिली, बाकी सगळं नंतर. तुमची वही त्याच्या हाती लागू शकते, हेही लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट त्यांच्यासाठी, जे म्हणतात, "आमच्याकडे एवढं काही झालं नव्हतं." मीही तेच म्हणायचे. बाबांनी मला एकदाही हात लावला नाही, ते आईला मारायचे. मग माझं कसलं दुःख, असं मी वीस वर्षं धरून चालले. अमेरिकेत 1995 ते 1997 या काळात 17,000हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात मुलाला झालेली मारहाण आणि लैंगिक अत्याचार तर मोजलेच, पण घरात आईला मारहाण होणं, कुणी दारूच्या आहारी असणं, हेही मुलावरच्या आघातांतच मोजलं. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी असा किमान एक अनुभव सांगितला. हे वाचलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मशीनच्या मागे बसलेली ती मुलगी उगाच घाबरत नव्हती. तुमच्या दुखण्याला कुणाचा दाखला लागत नाही.

वेळेला आणि जागेलाही कडा हवी

वीस मिनिटं ठरवा. त्याहून जास्त वेळ पहिले दोन महिने तरी नको. मोबाइलवर गजर लावा, पण कर्कश नको. माझ्यासारख्या माणसाला अचानक आवाज सोसत नाही, म्हणून मी हळूहळू वाढत जाणारा सूर लावला. रात्रीची वेळ टाळा. नंतर काय करायचं ते बसण्याआधीच ठरवून एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: आंघोळ, झाडांना पाणी, मैत्रिणीला फोन. आतून ढवळून निघालेल्या माणसाला त्या क्षणी काही सुचत नाही, त्याला चिठ्ठी वाचणं तेवढं जमतं.

साहित्य साधं चालेल. जाडसर कागद, मेणखडू किंवा ऑइल पेस्टल, झाकणाचा एक खोका. खोका महत्त्वाचा आहे. काम झालं की कागद त्यात जातो आणि झाकण लागतं. पाठ भिंतीला टेकेल आणि दार समोर दिसेल अशी जागा निवडा. ज्यांना हे का म्हणून विचारावं लागत नाही, त्यांच्यासाठीच मी लिहिते आहे.

आता कागद घ्या आणि पेन्सिलीने कडेपासून दोन बोटं आत एक चौकट काढा. प्रत्येक वेळी, न चुकता. जे काढाल ते चौकटीच्या आत. बाहेरची पांढरी पट्टी म्हणजे आजचा दिवस. काढताना श्वास अडकला, कानात गुणगुण सुरू झाली, आपण आपल्यालाच लांबून पाहतो आहोत असं वाटलं, की हात थांबवा आणि त्या पांढऱ्या पट्टीवर आत्ता खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं लिहा. पंखा, पडदा, चष्मा, पाण्याची बाटली, कॅलेंडर. तरीही शरीर परत आलं नाही तर त्या दिवशी तिथेच थांबा. थांबता येणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. लहानपणी आपल्याला काहीच थांबवता येत नव्हतं, म्हणून वीस मिनिटांनी खडू खाली ठेवणं हासुद्धा उपचाराचाच भाग आहे.

पहिले काही आठवडे नुसत्या रेघा

आठवणींना हात लावू नका. हाताला काम द्या.

श्वास काढा: आत घेताना रेघ वर, सोडताना खाली, सोडण्याची रेघ लांब. एक पान भरा. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांत खडू घेऊन एकाच वेळी गोल फिरवा. डाव्या हाताने काढलं की आतलं मूल बोलतं, असं बरेच जण सांगतात. मी त्यावर विसंबत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्या माणसाला डाव्या हाताचा एक फायदा मात्र नक्की होतो, चित्र नीट आलं पाहिजे ही जबाबदारी सुटते.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश बालमानसतज्ज्ञ मुलांशी बोलताना एक खेळ खेळत. ते कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढत, मूल त्यातून काहीतरी बनवे. मग मूल रेघ ओढे आणि ते त्यातून काही बनवत. मी हा खेळ भावाबरोबर खेळले. तो दुसऱ्या शहरात असतो. रात्री एक रेघ फोटो काढून पाठवायची, सकाळी त्याचं उत्तर यायचं. कधी बदक, कधी बूट, एकदा नुसतं नाक. मशीनच्या मागे बसून आम्ही एकमेकांशी कधी बोलायचो नाही, आवाज होईल म्हणून. त्या वर्षी आम्ही दीडशेच्या वर रेघा पाठवल्या आणि 'त्या' विषयावर एक अक्षरही बोललो नाही. ते बोलणं नंतर आपोआप आलं.

"मला चित्रं येत नाहीत" म्हणणाऱ्यांसाठी: 2016मध्ये अमेरिकेत 39 प्रौढांना 45 मिनिटं मार्कर, माती आणि कोलाजचं साहित्य देऊन मोकळं सोडलं, आधी आणि नंतर त्यांची लाळ तपासली. साधारण तीन चतुर्थांश लोकांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी झालेलं आढळलं आणि पूर्वी कला केली होती की नव्हती याने फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गटही नव्हता, तेव्हा त्याला फार मोठं करू नका. पण हात सराईत नसला तरी चालतं, एवढा धीर त्यातून घ्यायला हरकत नाही.

शब्दांच्या आधी माती

समुपदेशनाच्या पहिल्या वर्षी मी तासच्या तास गप्प बसायचे. बाई विचारत आणि माझ्या घशात काहीतरी घट्ट व्हायचं. मला वाटायचं मी मुद्दाम लपवते आहे. 1996मध्ये एका अभ्यासात आघाताने आजारी असलेल्या आठ जणांना त्यांचीच हकिगत ऐकवून मेंदूची चित्रं घेतली होती. भीतीशी निगडित भाग पेटलेले दिसले आणि डाव्या बाजूचा, बोलण्याशी संबंध असलेला भाग मंदावलेला. आठच माणसं होती, हे खरं. पण माझं गप्प बसणं हा हट्ट नसावा, एवढं मला त्यातून उमगलं.

म्हणून बोलता येत नसेल तर माती घ्या. कुंभारकामाची, मुठीएवढी. आधी नुसतं दाबा. तळहाताच्या खालच्या भागाने, खांद्यातून जोर लावून. माती मागे सरते. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे, कारण ज्याला लहानपणी ढकलता आलं नाही त्याच्या हाताला हे कळणं फार मोठं आहे. आपण जोर लावला आणि समोरचं हललं, आणि त्यात कुणालाही लागलं नाही. मी पहिल्यांदा दाबलं तेव्हा दंड थरथरले, मग जांभया यायला लागल्या, एकामागून एक. जांभया, उसासे, थरथर, डोळ्यांत पाणी, यांना घाबरू नका. ते वाढत जाऊन आवरेनासं झालं, तर मात्र हात धुवा, गार पाण्याने, आणि त्या दिवसापुरतं पुरे.

चार-सहा वेळा दाबून झालं की आपोआप काहीतरी घडायला लागतं. माझ्या हातून दारं घडली. तळहाताएवढी, एकामागून एक अकरा. पहिल्या सहांना कडी नव्हती. सातव्याला मी काडीने टोचून कडी केली आणि ती आतल्या बाजूने आहे हे मला बऱ्याच वेळाने दिसलं. मी काही ठरवलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी किल्ली फिरली आणि खांदे चढले, पण लगेच उतरलेही.

घराचा नकाशा

या सगळ्यांत मला जास्त देऊन गेलेला प्रयोग हाच. पण तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर, थांबण्याची सवय पक्की झाल्यावर करा. समुपदेशक असतील तर त्यांना सांगून करा.

लहानपणीच्या घराचा नकाशा काढा. इमारतीचा आराखडा असतो तसा, वरून पाहिल्यासारखा. माणसं काढायची नाहीत. भिंती, दारं, खिडक्या, कपाट, पलंग. वरून पाहण्याला अर्थ आहे. लहानपणी आपण ते घर जमिनीवरून, टेबलाच्या उंचीवरून पाहिलेलं असतं. वरून पाहणारी नजर आजच्या मोठ्या माणसाची असते. पहिल्या दिवशी एवढंच करा आणि खोक्यात ठेवा.

दुसऱ्या बैठकीत एक रंग घ्या, जो तुम्हाला उबदार वाटतो तो. मी पिवळा घेतला. ज्या जागी शरीराला बरं वाटायचं, तिथे तो लावा. बरं म्हणजे आनंद असं काही नाही, 'कमी घट्ट' वाटणंही पुरे. मला वाटलं होतं माझा नकाशा कोराच राहील. पण दुपारच्या उन्हाची खिडकीखालची चौकोनी जागा पिवळी झाली. गच्चीच्या जिन्याची शेवटची पायरी पिवळी झाली. आणि मशीनच्या मागची जागाही, जिची मला सगळ्यात भीती वाटायची. खडू तिथे गेला तेव्हा आठवलं, भावाचं डोकं माझ्या खांद्यावर असायचं आणि त्याच्या केसांना तेलाचा वास यायचा. इतकी वर्षं ती जागा माझ्या लेखी फक्त लपण्याची होती. कुणाला तरी जपण्याचीही होती, हे नकाशाने दाखवलं.

भीतीच्या जागांना रंग द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी तिसऱ्या बैठकीत दिला, पण पातळ. राखाडी पेन्सिलीने, आणि दारापाशीच. मग चौथ्या बैठकीत एक ट्रेसिंग पेपर वर ठेवला आणि आज हवे होते ते बदल केले. बाहेरच्या दाराला आतून कडी लावली, मशीनच्या मागे एक छोटी खिडकी काढली, शेजारच्या घरात जाणारं एक दार काढलं. खालचा नकाशा तसाच राहतो, ट्रेसिंग उचललं की दिसतो. जे झालं ते खोडायचं नसतं.

मग लिहा

जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986मध्ये सहकाऱ्यासोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. 46 विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं लिहायला लावलं. काहींना आयुष्यातल्या आघाताबद्दल, काहींना किरकोळ विषयावर. आघाताची हकिगत आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्यावर लगेच जड वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यानंतर असे कितीतरी प्रयोग झाले, परिणाम सगळीकडे सारखे आले नाहीत. पेनेबेकर यांचा एक नियम मी पाठ केला आहे: एखाद्या गोष्टीबद्दल लिहिलं तर आपण कोसळू असं वाटत असेल, तर ती लिहू नका.

मी पहिले चार दिवस लिहिलं ते 'मी' टाळून. "ती आठ वर्षांची होती. तिला चपलांचे आवाज ओळखता यायचे." 'मी' आपोआप आलं, नवव्या महिन्यात, एका वाक्याच्या मधोमध. तोवर वाट पाहण्यात काही बिघडलं नाही. बाबांना पत्रही लिहिलं, न पाठवण्यासाठी. असं पत्र लिहाल तर ते फोनवर टाइप करू नका. एका बोटाच्या चुकीने जातं, आणि रागाच्या रात्री चूकही लागत नाही.

हे लिखाण लगेच कुठे टाकूही नका. वाहवा झाली तरी आणि शिव्या मिळाल्या तरी, दोन्ही वेळा ती गोष्ट आपल्या हातातून जाते.

गाणं, ताल, नाच यांबद्दल मला थोडंच ठाऊक आहे. तोंड मिटून लांब गुणगुणलं की श्वास आपोआप लांबतो आणि छाती सैल होते, ते मी रोज करते. नाच माझ्याने होत नाही, अजून तरी.

केलेल्या कामाचं काय करायचं

एका शिबिरात आम्हाला गोलात बसवून प्रत्येकीला चित्र दाखवायला लावलं. शिबिर घेणारी व्यक्ती माझ्या कागदाकडे पाहून म्हणाली, काळा रंग फार आहे, राग साठलाय. मी काळा घेतला होता कारण बाकी खडू दुसऱ्यांकडे होते. पण त्यानंतर चार महिने मी रंगाला शिवले नाही. म्हणून आग्रहाने सांगते: चित्राचा अर्थ सांगणाऱ्यापासून लांब राहा. चांगला कलोपचारतज्ज्ञ विचारतो, "हे काढताना कसं वाटत होतं?" तो निकाल देत नाही, आणि दाखवायचं नसेल तर तसं म्हणू देतो. कुठल्याही वर्गात जाण्याआधी विचारा, "चित्र न दाखवता बसता येईल का?" उत्तर द्यायला ते अडखळले तर जाऊ नका.

फाडावंसं, जाळावंसं वाटेल. एक महिना थांबा. एक महिन्यानंतरही वाटलं तर खुशाल फाडा.

आणि चित्राखाली नाव घाला, तारीख घाला. हे मी फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांच्याकडून घेतलं. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेली ही चित्रकार नाझींच्या तेरेझिन छळछावणीत लपूनछपून मुलांना चित्रकला शिकवायची. रेघ, ताल, फुलं, खिडकीतून दिसणारं असं शिकवायची आणि प्रत्येक मुलाला चित्रावर स्वतःचं नाव लिहायला सांगायची. छावणीत माणसांना क्रमांक दिलेले असत. 1944मध्ये तिला आउशवित्झ या मृत्युछावणीत नेऊन मारलं. तिने शिकवलेल्या मुलांची सुमारे 4,500 चित्रं दोन सुटकेसमध्ये मागे राहिली. त्यांतली बरीचशी मुलं वाचली नाहीत. मी माझ्या दुःखाची त्यांच्याशी तुलना करत नाही. पण कागदाच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिताना मला तिची आठवण येते आणि मी ते नाव पूर्ण लिहिते, अक्षर नीट काढून.

काही सुचत नाही त्या दिवशी

असे दिवस खूप येतील. कुणाचा तरी फोन येईल, कुठेतरी काच फुटेल, आणि कागदासमोर बसवणार नाही. त्या दिवशी फक्त चौकट काढा. आत काही नको. खाली नाव आणि तारीख घाला, कागद खोक्यात ठेवा आणि झाकण लावा. माझ्या खोक्यात अशा रिकाम्या चौकटी एकतीस आहेत. शेवटची गेल्या मंगळवारची.